अडवण्याचे शब्द आणि एक जाड स्प्रिंग

बारावीच्या वर्गात दरवर्षी एक तास मी फक्त अडवण्याच्या शब्दांना देतो. अभ्यासक्रमात असा तास नाही. पण उताऱ्यात प्रिव्हेंट येवो, हिंडर येवो नाहीतर रिस्ट्रेन येवो, आमची पोरं सगळ्यांखाली 'अडवणे' लिहून मोकळी होतात, आणि मग निबंधात पावसानं त्यांना रिस्ट्रेन केलेलं असतं. बावीस वर्षं मी कळंबच्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. माझे उच्चार फार भारी आहेत असं नाही, पण दोन शब्दांमधला फरक पोरांच्या गळी कसा उतरवायचा हे मला येतं, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही. शब्दकोशातला अर्थ मी सांगतच नाही. फळ्यावर शब्द लिहितो आणि विचारतो, आपल्याकडे हे कुठं घडतं, सांगा.

गेल्या जानेवारीतही असाच तास चालू होता.

"प्रिव्हेंट?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, गेटच बंद. आत जायचा विषयच न्हाय."

"हिंडर?"

"गेट उघडं हाय, पण मधी म्हैस बसलीय."

वर्ग हसला. मीही हसलो. "ऑब्स्ट्रक्ट?"

"म्हैस कुणीतरी मुद्दाम आणून बसवलीय सर!"

"कुणाची म्हैस रे? तुझीच असणार," दुसरा म्हणाला.

मग मी कर्ब लिहिला आणि सांगितलं की हा शब्द घोड्याच्या लगामातून आलाय, आपल्याकडे बैलाची वेसण समजा. जनावर चालतंय, पण आपल्या मर्जीनं चालतंय. रिस्ट्रेन म्हणजे अंगाला धरून ठेवणं, मग ते दुसऱ्याचं असो की स्वतःचं. विथहोल्ड म्हणजे देण्यासारखं आपल्याजवळ असून न देणं. परवानगी न देणं, पगार न देणं, खरी गोष्ट न सांगणं. सहा शब्द झाले. फळा भरला. मी हात झटकले आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "काही शंका?"

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती एरवी फारशी बोलत नसे. म्हणाली, "सर, ज्याला अडवलंय त्याला आपल्याला अडवलंय हे म्हाईतच नसंल, तर त्याला यातला कुठला शब्द?"

"तसा वेगळा शब्द नाही," मी म्हणालो. "वाक्यात स्पष्ट करावं लागतं."

उत्तर चुकीचं नव्हतं. मुलगी बसली, घंटा झाली, पोरं उठली. मी मात्र फळा पुसायचा सोडून तसाच उभा राहिलो. तिनं विचारलेल्या प्रकाराचं उदाहरण दोन महिन्यांपासून आमच्या अंगणात उभं होतं आणि ते मी स्वतः तयार केलं होतं. हे मी आजवर फक्त तिघांना सांगितलंय. आता लिहूनच टाकतो.

आमचं गाव कळंब-येरमाळा रस्त्यावर आहे. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. आमच्या घराण्यात पगाराची नोकरी लागलेले ते पहिले. त्याआधी सगळे दुसऱ्यांच्या रानात राबले. बुद्धविहारात जयंतीच्या सभेला दादांना पहिल्या रांगेत खुर्ची असे, ती त्या खाकी कपड्यांमुळं. बत्तीस वर्षं त्यांनी गाडी चालवली, चैत्रात येरमाळ्याच्या यात्रेच्या जादा गाड्या चालवल्या, बालाघाटाच्या वळणांवर रात्रंदिवस चालवली, आणि त्यांच्या नावावर एकही अपघात नाही. गाडीच्या बाबतीत त्यांचे काही नियम होते. त्यातला एक फार कडक. दुसऱ्याच्या ड्युटीवरच्या गाडीला हात लावायचा नाही. "ज्याची गाडी त्याच्या हाताला बसलेली आसती," असं ते म्हणायचे. निवृत्तीनंतरही त्यांनी हा नियम सोडला नाही. घरी त्यांची एक जुनी शंभर सीसीची मोटारसायकल होती. ती सोडून दुसऱ्या कुणाच्याही गाडीवर ते कधी बसले नाहीत. माझ्या गाडीवर तर नाहीच.

दादांनी पंच्याहत्तरी ओलांडली तरी रोज सकाळी आठला ते मोटारसायकल काढत. येरमाळ्याला हायवेलगतच्या एका हॉटेलात चार-पाच निवृत्त ड्रायव्हर जमत. तिथं एक चहा तिघांत व्हायचा आणि आत्ताच्या ड्रायव्हरांना गाडी कशी चालवता येत नाही यावर दोन तास चर्चा व्हायची. साडेअकराला दादा घरी परत. त्यांच्या दिवसाचा कणा तो होता.

गेल्या वर्षी दिवाळी झाली, कारखाने सुरू झाले आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आले. एके दिवशी दादा परतले तेव्हा उजव्या कोपराला खरचटलेलं होतं आणि पँटीला माती लागलेली होती. माझी बायको म्हणाली, "मामा, काय झालं वं?"

"काय न्हाय. पाय घसरला हाटेलात."

हॉटेलात फरशी आहे, तिथं लाल माती कुठून येईल? मी गाडी पाहिली. डाव्या बाजूचं फूटरेस्ट वाकलेलं होतं. मी काहीच बोललो नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि सकाळी दादा पुन्हा निघाले तेव्हा मी दारात उभा राहून नुसता पाहत राहिलो. दादांना तोंडावर नाही म्हणणं आमच्या घरात कुणालाच कधी जमलेलं नाही. आई असती तर तिनं सांगितलं असतं. तीही आडूनच सांगायची, पण सांगायची.

मी वर्गात साठ पोरांसमोर न अडखळता बोलतो. घरी मला एक वाक्य बोलायचं होतं, 'दादा, हायवेला गाडी घालू नका.' ते मी बोललो नाही. मी कळंबला गाडी दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिककडे गेलो.

हा मेकॅनिक दादांना लहानपणापासून ओळखायचा. मी त्याला म्हणालो, "काहीतरी कर. गाडी चालू राहिली पाहिजे, पण पळता कामा नये. आणि दादांना कळता कामा नये."

तो हसला. "सर, डायवर काकाच्या गाडीत काय केलं आन् त्यांना कळलं न्हाय, आसं व्हतंय व्हय?"

"मग?"

त्यानं विचार केला. मग एका डब्यातून एक स्प्रिंग काढून दाखवली. ॲक्सिलरेटरची मूठ आपण पिळतो तेव्हा कार्बोरेटरमधली स्प्रिंग दाबली जाते. ती जाड घातली की मूठ जड होते. "जवान माणूस जोर लावून पूर्ण पिळंल," तो म्हणाला, "पण काका काय सारखं तेवढं पिळत बसणार न्हाईत. तीसच्या वर जायचेच न्हाईत. गाडीत बिघाड न्हाय, कायबी तुटलेलं न्हाय. कळायचं कशावरनं?"

मला ते पटलं. नुसतं पटलंच नाही, आपण फार शहाणपणाचं काही केलं असं वाटलं. सर्व्हिसिंगच्या निमित्तानं गाडी नेली आणि संध्याकाळी आणून अंगणात लावली.

दोन-तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी दादा येरमाळ्याहून साडेबाराला आले. एवढा उशीर कधी झाला नव्हता. गाडीवरून उतरून त्यांनी उजवा हात झटकला, बोटं उघडली, मिटली. मग मला हाक मारली.

"मास्तर, हिकडं ये. मूठ फिरव बरं."

ते मला मास्तरच म्हणतात. मी गेलो आणि मूठ पिळली. जड होती. माझ्यासारख्यालाही जाणवेल इतकी जड होती.

"काय जड लागती का?"

"नाही," मी म्हणालो. "मला तर नेहमीसारखीच लागते."

हे वाक्य मी इतक्या सहज म्हणालो की आजही आठवलं की मला माझ्याच आवाजाची भीती वाटते. दादांनी पुन्हा स्वतः मूठ पिळून पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते कळंबला त्या मेकॅनिककडे गेले. तिथं काय झालं ते मला मेकॅनिकनंच फोनवर सांगितलं. दादांनी सांगितलं, मूठ जड झालीय. यानं गाडी स्टँडवर घेतली, चालू केली आणि एका झटक्यात मूठ शेवटपर्यंत पिळून दाखवली. "बघा काका, मस्त फिरती. गाडी एकदम ओके हाय. हात जरा हलका झाला आसंल. वय बी झालं की."

"मग काय म्हणाले?"

"कायच न्हाय. 'व्हय, झालं आसंल,' म्हनले. चहा बी न्हाय घेतला." मग तोच म्हणाला, "सर, मला काय बरं न्हाय वाटलं."

मी त्याला म्हणालो, त्यांच्या भल्यासाठीच आहे.

दुसऱ्याची गाडी मागून एकदा मूठ पिळून पाहिली असती तर दादांना एका मिनिटात सगळं कळलं असतं. पण दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम होता. आणि दोन माणसांनी, त्यातल्या एकानं म्हणजे पोटच्या पोरानं, गाडी ठीक आहे असं सांगितल्यावर संशय घ्यायला एकच जागा उरली होती, त्यांचा हात.

त्यानंतर आमच्या घरात जे हळूहळू घडत गेलं त्याला इंग्रजीत हॅम्पर म्हणतात; हा शब्द मी फळ्यावर घेत नाही, हिंडरच्या जोडीनं तोंडीच सांगतो. कुठंच काही पूर्ण थांबत नाही, पण सगळ्याच्याच पायात काहीतरी गुंतत जातं. दादांनी आधी येरमाळ्याला रोज जाणं सोडलं, आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. माझा हेतू तोच होता, म्हणून मला बरं वाटलं. मग त्यांनी घरी दाढी करणं सोडलं आणि न्हाव्याकडं जाऊ लागले. विहिरीवरची मोटार चालू करायला गेले तर स्टार्टर डाव्या हातानं दाबू लागले. पाण्याची कळशी उचलायची तर आधी इकडंतिकडं बघायचे, मग आमच्या मुलाला हाक मारायचे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. विहारात पौर्णिमेला वंदनेनंतर खीर वाटायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडं होतं, ते त्यांनी दुसऱ्याला दिलं. "सांडली तर लोक हसत्याल," असं म्हणाले.

हात पहिल्यासारखाच होता. पण ज्या हातावर माणसाचा विश्वास राहत नाही त्या हाताला तो काम देत नाही, आणि काम न दिलेला हात खरोखरच बावळट होत जातो. हे मी रोज पाहत होतो. जानेवारीत त्या मुलीनं प्रश्न विचारला तेव्हा प्रकरण इथवर आलं होतं.

तिच्या प्रश्नानंतरही मी तीन आठवडे गप्प राहिलो. ते तीन आठवडे मी दादांच्या काळजीच्या नावावर टाकू शकत नाही. आधी मला दादांच्या जिवाची भीती होती. नंतर फक्त माझं पितळ उघडं पडण्याची.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्यासमोर गोळ्यांची दोन पाकिटं ठेवली. "मामांच्या उशाखाली होती. तुम्हाला माहीत होतं का?"

नसांच्या गोळ्या होत्या. दादा एकटेच कळंबच्या डॉक्टरकडं जाऊन आले होते. पाकिटाबरोबर एक चिठ्ठी होती. लातूरला जाऊन नसांची तपासणी करून घ्या, असं त्यात लिहिलं होतं.

"मी विचारलं त्यांना," बायको म्हणाली. "मला म्हणाले, 'सूनबाई, माज्या थोरल्या भावाला लकवा असाच उजव्या हातापस्नं सुरू झाला हुता. आदी वस्तू जड लागायला लागल्या. मास्तरला सांगू नकोस. त्याला कॉलेजात परीक्षा हायत्या.' उद्या सकाळच्या गाडीनं एकटेच लातूरला निघालेत."

माझे चुलते लकव्यानं अकरा वर्षं खाटेवर होते. दादाच त्यांना आंघोळ घालायचे. मला ते सगळं माहीत होतं आणि तरी स्प्रिंग घालताना ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी बायकोला स्प्रिंगचं सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "आणि तुम्ही रोज त्यांच्या समोर बसून जेवत होता?" एवढंच बोलली आणि आत गेली.

सकाळी आठला दादा अंगणात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, डाव्या हातात कागदांची पिशवी. मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. पाठ करून ठेवलं होतं, पण एक वाक्यही तसं आलं नाही. गाडीत जाड स्प्रिंग घातलीय, मीच घालायला सांगितली, मूठ म्हणून जड आहे, तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही. एवढं बोललो.

मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी पहिलं विचारलं, "म्हंजी हात ठीक हाय?"

"ठीक आहे दादा."

"लकवा न्हाय?"

"नाही."

ते ओट्यावर बसले. पिशवी बाजूला ठेवली. उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडं पाहत राहिले, जणू तो कुठून तरी परत आलाय.

"कवापस्नं?"

"दिवाळी झाल्यावर."

"आन् म्या तुला मूठ फिरवाय लावली तवा तू काय म्हनलास?"

"जड लागत नाही म्हणालो."

"लागली हुती?"

"लागली होती."

मग ते उठले. "काड गाडी. चल कळंबला."

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा दादा माझ्या मागे बसले, तेही स्वतःच्याच गाडीवर. मेकॅनिकनं आम्हाला दोघांना एकत्र उतरताना पाहिलं आणि तो काय ते समजला. न सांगताच त्यानं गाडी उघडायला घेतली. स्प्रिंग काढून हातात घेतली, मान खाली घालून म्हणाला, "काका, चुकलं माजं."

"तुजं काय न्हाय चुकलं. तू गिऱ्हाइकाचं ऐकलंस. पर गाडी कुनाची हाय ते इचारायचं ऱ्हायलं."

दादांनी ती स्प्रिंग त्याच्याकडून घेतली, अंगठा आणि बोटामध्ये धरली आणि दाबली. पूर्ण दाबली गेली. पुन्हा दाबली. चार-पाच वेळा. मग ती बाकड्यावर ठेवली आणि माझ्याकडं वळले.

"तुला वाटलं हुतं ना, म्हाताऱ्यानं गाडी चालवू नये?"

"हायवेला नको असं वाटलं होतं."

"मग तसं म्हनायचं हुतं. म्या भांडलो आसतो. शिव्या दिल्या आसत्या. दोन दिस जेवलो नसतो. भांडू द्यायचं हुतंस मला. तू मला भांडू बी दिलं न्हाईस. मास्तर हायस ना? पोरांना काय शिकवतूस मंग?"

मेकॅनिक पान्हे आवरण्याचं सोंग करत होता. मला त्या क्षणी माझा फळा आठवला. त्या फळ्यावर मी एवढ्या वर्षांत एक शब्द कधीच घातला नव्हता, फॉर्बिड. तोंडानं मनाई करणं. तो मला सोपा वाटायचा, दहावीचा शब्द म्हणून मी तो वगळायचो. बाकीचे सगळे शब्द माणसाच्या पाठीमागं करता येतात. म्हैस बसवता येते, वेसण घालता येते, खरं लपवता येतं. मनाई मात्र समोर उभं राहून, डोळ्यांत बघून, उत्तर ऐकायची तयारी ठेवून करावी लागते. सोपा शब्द म्हणून सोडून दिला तोच मला येत नव्हता.

मी तिथंच म्हणालो, "दादा, आता सांगतो. हायवेला गाडी घालू नका."

"न्हाय ऐकत जा," असं म्हणून त्यांनी गाडी चालू केली. मूठ पिळली. इंजिन असं काही गरजलं की शेजारच्या टपरीतला माणूस बाहेर आला. दादांच्या तोंडावर तीन महिन्यांत न पाहिलेलं हसू आलं. मी मागे बसायला पुढं झालो तर म्हणाले, "तू येष्टीनं ये." आणि गेले. थेट येरमाळ्याला गेले असणार हे मला दिसत होतं.

मी घरी येऊन दारात बसलो. रस्त्यावरून उसाच्या गाड्या जात होत्या. मी दादांना थांबवू शकलो असतो, मेकॅनिकच्या हातातून किल्ली घेऊ शकलो असतो. घेतली नाही आणि ते बरोबर केलं असं मला आजही वाटतं. जे सांगायचं ते सांगून झालं होतं. आता जाणं त्यांचं होतं आणि वाट पाहणं माझं. तो दीड तास मला जन्मभर पुरेल.

साडेअकराला दादा आले. गाडी लावली, तांब्याभर पाणी प्यायले आणि माझ्याशेजारी येऊन बसले.

"जाऊन आलो."

"दिसलं."

"आता ऐक. त्या दिशी दिवाळीनंतर म्या पडलो हुतो."

"माहीत आहे मला. फूटरेस्ट वाकलं होतं."

"मंग बोलला का न्हाईस?" असं विचारून त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "उसाच्या ट्रॅक्टरला वलांडून फुडं जात हुतो. माघनं पयली ट्रॉली वलांडली, वाटलं ट्रॅक्टर बी माघं पडला, झालं. गाडी डावीकडं घेतली. तर तितं दुसरी ट्रॉली, डावं फूटरेस्ट घासलं तिला. मला दिसलीच न्हाय रं ती. डाव्या डोळ्यात धुकं हाय. मोतीबिंदूचा उजवा केला, डावा करायचा ऱ्हायलाय, तुला म्हाईतीय. ट्रॉलीच्या चाकापासनं दोन हातांवर पडलो."

असे दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आमच्या रस्त्यावर सगळ्या हंगामभर असतात.

"बत्तीस वर्सं एक खरचटा न्हाय माज्या नावावर," दादा म्हणाले. "ते कुनाला सांगू? हाटेलात त्या चौघांना सांगू? तुला सांगितलं आसतं तर तू गाडी बंद केली आसती. म्हनून म्या गप बसलो. तू बी गप बसलास. दोगं बी तसलेच."

"मग आता?"

"आता काय. आज हायवेपस्तोर गेलो न्हाई का? गेलो. तितं गाडी लावली, आन् पाच मिनिटं हुबा ऱ्हायलो, डाव्या बाजूनं काय दिसतंय ते बघितलं. न्हाय दिसत. डोळा हुस्तोर हायवे बंद. गावातनं रानात, रानातनं गावात चालवीन. कळंबला चालवीन, पर ऊस संपल्यावर. हे म्या ठरवलंय. तू न्हाय."

"मी नाही," मी म्हणालो.

तो नियम त्यांनी पाळला. नाही म्हणायला एकदा मोडला आणि घरी येऊन स्वतःच सांगितलं. दाढी ते पुन्हा घरी करतात. वैशाखी पौर्णिमेला त्यांनी खीर वाटली. आता येरमाळ्याला ते एसटीनं जातात, वयामुळं तिकीट लागत नाही. ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसतात. एकदा मी बरोबर होतो. वळणावर दादा म्हणाले, "तिसऱ्यात टाक की, किती वढायचं तिला?" ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "बाबा, तुमीच या हिकडं, म्या तिकडं बसतो." दादा खूश झाले. कंडक्टर मला म्हणाला, "रोजचंच हाय ह्येंचं."

पुढच्या जानेवारीत मी फळ्यावर सात शब्द लिहीन. फॉर्बिडला वेगळा वेळ देईन, कारण आता मला तो शिकवता येतो याची खात्री आहे. त्या मुलीची बारावी झाली, ती पुढं शिकायला गेली. भेटली तर सांगेन की तिच्या प्रश्नाला उत्तर होतं, माझ्याजवळ होतं आणि मी ते दिलं नाही.

हे सगळं बरं झालं. पण एक गोष्ट पहिल्यासारखी झाली नाही आणि ती होईल असं मी धरून चाललेलो नाही. दादा अजूनही मधूनच, जेवताना नाहीतर पायातले बूट सोडताना, उजवा हात पुढं करतात आणि विचारतात, "मास्तर, थरथरतोय का रं? खरं सांग."

मी हात हातात घेतो, नीट पाहतो आणि सांगतो, "नाही दादा, स्थिर आहे."

पूर्वी माझं एवढं म्हणणं त्यांना पुरलं असतं. आता ते हाताकडं बघत नाहीत. माझ्या तोंडाकडं बघत राहतात, बराच वेळ. मी नजर हलवत नाही. मग ते हात काढून घेतात आणि सुनेला हाक मारून तिलाही विचारतात.